एका घरात दोन हार्ट पेशंट

दिनानाथ चौबळांना हार्ट ॲटॅक आला तो मोरिवलीच्या कारखान्यात, शिफ्ट बदलताना, सगळ्या कामगारांच्या देखत. साल चौऱ्याऐंशी. चौबळ तिथे प्रॉडक्शन मॅनेजर होते. वय सत्तेचाळीस, हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पट्ट्यावरून पुढे आलेलं. छातीवर मूठ दाबून ते खाली बसले, शर्ट घामानं चिंब झाला, आणि जीपमध्ये घालून त्यांना थेट मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. महिन्याभरानं ते अंबरनाथला परतले, तेव्हा कंपनीच्या दोन ऑफिसरांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन जिने चढवून वर आणलं.

दारात त्यांची बायको पद्मजा भाकरतुकडा घेऊन उभी होती. महिनाभर ती हॉस्पिटलच्या बाकावर झोपली होती, तिच्या पायांवर सूज होती. चौबळांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ऑफिसरांना म्हणाले, "हे हात बघून ठेवा. ह्यांनीच मला तुपात बुडवून मारायला काढलं होतं."

ऑफिसर ओशाळून हसले. पद्मजानं तुकडा ओवाळून टाकला, आत गेली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. एकानं घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वहिनी, साखर विसरलात वाटतं."

"विसरले नाही. ह्या घरात आता कुणाला काही झालं तर माझ्या नावावर जातं."

ही पद्मजाची लढायची पद्धत होती. बावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला उलट उत्तर फारसं दिलं नव्हतं. तो जे सांगेल ते ती तंतोतंत करायची, इतकं तंतोतंत की सांगणाऱ्याला पश्चात्ताप व्हावा. चौबळ तिला चारचौघांत सुधारायचे. तिचे उच्चार, तिचं हसणं, बदलापूरच्या तिच्या माहेरची माणसं, सगळं. सोड्याच्या खिचडीवर तूप तरंगताना दिसलं नाही तर तेच ताट परत पाठवायचे. भांडणाला एखादं मोठं कारण होतं असं नाही. दोघांनी एकमेकांना लग्नाच्या पहिल्या वर्षातच नापास केलं होतं आणि पुढे पेपर पुन्हा तपासायची गरज दोघांनाही वाटली नाही.

आता घरात एक आजार आला आणि त्या आजाराचे मालक चौबळ झाले.

कंपनीच्या पॅनेलवरचे डॉक्टर ताम्हाणे त्यांचे घरचेही डॉक्टर होते. त्यांनी पथ्य सांगितलं: मीठ कमी, तूप बंद, अंड्याचा फक्त पांढरा भाग, दूध साय काढून. पद्मजानं मीठ कमी केलं नाही, बंदच केलं. वालाचं बिरडं अळणी, आमटी अळणी, मासळीही अळणी. चौबळांनी पहिला घास घेऊन ताट ढकललं.

"डॉक्टरांनी कमी म्हटलंय. बंद नाही म्हटलं."

"कमी म्हणजे किती, ते तुम्ही घाला. मी घातलं की मी मारायला काढते."

त्यांनी मीठ घातलं नाही. त्यांनी बाहेर खायला सुरुवात केली. रविवारी सकाळी कॅनव्हासचे बूट घालून 'वॉकला' म्हणून निघायचे आणि रिक्षानं उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात जायचे. तिथे एका सिंधी हलवायाकडे उभ्या उभ्या दाल-पकवान खायचे, वर मिठाई. परत आले की शर्टाला तळणाचा वास यायचा. पद्मजा तो शर्ट धुवायची. तिनं एकदाही विचारलं नाही. खालच्या इंदुबाईंनी एकदा न राहवून म्हटलं, "अगं, सांग की डॉक्टरांना." इंदुबाई तळमजल्यावर राहायच्या, विधवा, घरी टेलिफोन असलेली बिल्डिंगमधली एकटीच बाई.

"मी कशाला सांगू? माझ्या हातचं नाही ना ते. खाऊ देत."

ती हे शांतपणे म्हणाली, आणि इंदुबाईंना त्या दिवशी तिची भीती वाटली.

एक गोष्ट मात्र पद्मजाच्या हिशेबातून सुटली. चौबळांना पांढरा भाग दिला की पिवळा बलक उरायचा. टाकायचा कसा? ती खायची. दुधावरची साय काढली की तिचं लोणी, लोण्याचं तूप, आणि तूप तिच्या भाकरीवर. त्यांनी ढकललेलं ताटही ती संपवायची, वरून मीठ घालून. त्यांच्या नावानं बंद झालेलं सगळं तिच्या पोटात जात होतं. ती रुंद होत गेली. चेहरा, मनगटं तेवढीच राहिली, कंबर मात्र हरवली. परकराची नाडी पुरेना म्हणून तिनं लांब नाड्या ओवल्या. रात्री दोनदोनदा पाण्याला उठायची. काळवंडलेली मान पदरानं झाकायची आणि उन्हाला दोष द्यायची. कुणी तिला वजनकाट्यावर उभं केलं नाही, कारण घरात काटा होता तो साहेबांचा होता.

आणि जिने होते. नळाचं पाणी तळमजल्यापर्यंतच यायचं, वर चढायचं नाही. ॲटॅकनंतर ताम्हाण्यांनी सुचवलं होतं की तळमजल्यावरचा शंकररावांचा ब्लॉक रिकामा होतोय, तो घ्या. चौबळ म्हणाले, "खाली वॉचमन राहतात. मी ऑफिसर आहे." मग त्यांनी जड उचलायचं नाही असं ठरलं, आणि हंडे, धान्य, रॉकेलचा डबा, सगळं पद्मजानं वर न्यायचं असंही न बोलता ठरलं. मुलगी सुनेत्रा होती तोवर ती हात लावायची. सत्त्याऐंशीत तिचं लग्न झालं, ती बदलापूरला गेली, आणि हंडे पूर्ण पद्मजाचे झाले.

चौबळांचं मात्र नाव होत गेलं. ॲटॅक पचवून कामावर परत आलेला माणूस म्हणून कंपनीत त्यांना भाषणाला उभं करायचे. विषय ठरलेला: हृदयविकार आणि मी. छातीवर हत्ती बसल्यासारखं वाटतं, कळ डाव्या हातात उतरते, घाम सुटतो, हे ते इतकं रंगवून सांगत की ऐकणारे आपापली छाती चाचपत. घरी बायको भाताचं पातेलं जरा जोरात ठेवायची तर ते म्हणायचे, "आवाज नको. माझं हार्ट."

नव्वद सालच्या उन्हाळ्यात पद्मजाचा जबडा दुखायला लागला. हंडा घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली की डाव्या बाजूच्या खालच्या दातांत कळ उठायची. हंडा ठेवला, भिंतीला टेकलं, की थांबायची. दाताचं दुखणं समजून ती डेंटिस्टकडे गेली. त्यानं दाढ किडकी आहे म्हणून काढून टाकली. पंधरवड्यानं, जिथे दाढ नव्हती तिथेच, त्याच वळणावर, तीच कळ.

ती ताम्हाण्यांकडे गेली. चौबळ बरोबर होते, कारण त्यांची महिन्याची तपासणी होती. ताम्हाण्यांनी आधी साहेबांचा ईसीजी काढला, साहेबांशी क्रिकेटवर बोलले, आणि मग पद्मजाकडे वळले.

"वहिनी, काय म्हणता?"

"जिना चढताना जबडा दुखतो. दम लागतो. पाठीत खांद्यांच्या मध्ये भरून येतं."

"पाळी?"

"वर्ष झालं गेली."

"मग तेच. ह्या वयात होतं. थोडी ॲसिडिटी, थोडं टेन्शन. साहेबांची काळजी करता ना!" त्यांनी तिचं बीपी घेतलं, पट्टा सोडला. "जरा जास्त आहे. मीठ कमी करा."

"सहा वर्षं आमच्याकडे मीठ शिजत नाही," पद्मजा म्हणाली. ती ताटात वरून घालत होती, ते तिनं सांगितलं नाही. "माझा पण पट्टीवाला फोटो काढा की, ह्यांचा काढलात तसा."

चौबळ खुर्चीत सरळ झाले. "काय बोलतेस? हार्ट पेशंट मी आहे. एका घरात किती हार्ट पेशंट असतात?"

डॉक्टर हसले. "वहिनी, बायकांना निसर्गाचं संरक्षण असतं. तुम्ही निश्चिंत राहा." त्यांनी गॅसचं गुलाबी औषध आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर पडल्यावर चौबळ रिक्षात म्हणाले, "लाज आणलीस. माझ्या आजारातही तुला वाटा पाहिजे."

"आजार तेवढा तुमचा. हंडे माझे," पद्मजा म्हणाली. ती घरी जाऊन गुलाबी औषध प्यायली. झोपेच्या गोळ्या तिनं मोरीत टाकल्या.

त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीचा आरोग्य सप्ताह होता. मोरिवलीतल्या ऑफिसर्स क्लबच्या हॉलमध्ये चौबळांचं भाषण, समोर ऑफिसर सहकुटुंब. पद्मजा बायकांच्या रांगेत इंदुबाईंना सोबत घेऊन बसली होती. सकाळपासून तिला बरं वाटत नव्हतं. भाषण सुरू झालं आणि तिला मळमळायला लागलं. पाठीत कुणीतरी पाटा ठेवावा तसं झालं. जबड्यापासून कानापर्यंत कळ चढली आणि ती उतरेना. ब्लाउज पाठीला चिकटला.

व्यासपीठावर चौबळ सांगत होते, "मित्रहो, शरीर आपल्याला आधी इशारा देतं. तो ओळखायला शिका."

पद्मजा उठली. हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चौबळ वाक्यात अडखळले आणि त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की पहिल्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. ती थांबली नाही. इंदुबाई मागोमाग धावल्या.

बाहेर पद्मजा पायरीवर बसली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. इंदुबाई म्हणाल्या, "थांब, मी साहेबांना बोलावते."

"नको. बोलू देत त्यांना. टाळ्या पडू देत. तू रिक्षा बघ."

"ताम्हाण्यांकडे जाऊ या."

"त्यांच्याकडे गेले तर मरेन. उल्हासनगरची ती बाई, तुझ्या नणंदेला बघितलं ती. तिच्याकडे ने."

ती बाई म्हणजे डॉक्टर चुगानी. कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानांवर, पहिल्या मजल्यावर तिचं छोटं नर्सिंग होम होतं. रिक्षावाला कोवळा पोरगा होता, आरशात बघून म्हणाला, "मावशी, गाडीत काय होऊ देऊ नका हां, मेरेपे आयेगा." इंदुबाईंनी त्याला अशी शिवी घातली की तो बाजारातल्या हातगाड्यांमधून हॉर्न दाबत सुटला. जिन्याशी पद्मजा थांबली. पुन्हा जिना. खालच्या दुकानातल्या सिंधी माणसानं गठ्ठे बांधायचं काम टाकलं, नोकराला हाक मारली आणि दोघांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं.

डॉक्टर चुगानी पन्नाशीच्या, उंच, आवाज कडक. त्यांनी दहा प्रश्न विचारले नाहीत. जिभेखाली गोळी ठेवली, तारा लावल्या, मशीनमधून पट्टी बाहेर यायला लागली तशी त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"किती दिवस झाले दुखतं?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि तुम्ही काय केलं?"

"दाढ काढली."

चुगानींनी पट्टी फाडून टेबलावर आपटली. "ये देखो. हार्ट ॲटॅक आहे हा. आत्ता चालू आहे. और ये लोग दाँत निकालते हैं!" त्या नर्सवर ओरडल्या, सलाईन, इंजेक्शन, ऑक्सिजन. पद्मजा छताकडे बघत पडून होती. वेदना उतरायला लागली तसं तिला एक विचित्र समाधान वाटलं. तिचं खरं निघालं होतं.

चौबळ दोन तासांनी आले, इंदुबाईंनी क्लबात फोन केला म्हणून. अंगावर सूट, गळ्यात हार तसाच. ते तावातावानं आत शिरले आणि पद्मजाच्या खाटेपाशी न जाता थेट डॉक्टरांच्या टेबलाशी गेले.

"डॉक्टर, काहीतरी गैरसमज होतोय. ह्या घरात हार्टची केस माझी आहे. माझी सगळी फाइल ताम्हाण्यांकडे आहे. तिला नुसता गॅस होतो. आज मुद्दाम माझ्या भाषणात..."

"मिस्टर चौबळ," चुगानी म्हणाल्या, "हा ईसीजी तुमचा नाही. बसा."

ते बसले नाहीत.

"साखर तुमच्या मिसेसची किती आहे माहितीये? दुपटीच्या वर. वर्षानुवर्षं असणार. बीपी वाढलेलं. रक्तात चरबी अशी, की नळीत वर तरंगते. आणि पोट." त्यांनी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली. "तुमचं पण बघू."

"माझं काय बघायचंय?"

"हार काढा. श्वास सोडा. पोट आत ओढू नका, मी बघतेय."

नर्सनं तोंड फिरवलं. चुगानींनी टेप गुंडाळून ठेवली.

"सेम टु सेम. हातपाय बारीक असून उपयोग नाही. पोटावरची चरबी, साखर, बीपी, रक्तातली चरबी, हे वेगवेगळे आजार नाहीत. एक टोळी आहे. आता बाहेरचे डॉक्टर त्याला सिंड्रोम एक्स म्हणायला लागलेत. ही टोळी घरात घुसली की हार्ट सोडत नाही. मर्दाला लवकर पकडते. बाईला पाळी असेपर्यंत जरा सूट मिळते, मग ती पण गेली. आणि साखर असलेल्या बाईला तर तेवढी सूटही नाही."

"पण तिच्या छातीत दुखलंच नाही! ॲटॅकमध्ये छातीत दुखतं. मी स्वतः..."

"तुमचं दुखलं. सगळे धावले. हिचं जबड्यात दुखलं, पाठीत दुखलं, तुम्ही गॅस म्हणालात. बायका ह्याच्यातच जातात. सरळ बोलते, राग नका मानू. मानला तरी चालेल."

चौबळ खाटेपाशी आले. पद्मजानं डोळे उघडले. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या भाषणातून उठलीस."

"संपवलंत ना पण भाषण?"

"संपवलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिनं कूस बदलली.

तीन आठवड्यांनी तिला सोडलं. चुगानींनी बजावून सांगितलं होतं: जिने नाहीत, ओझं नाही, रोज सपाट रस्त्यावर चालायचं. सुनेत्रा तिला घेऊन आली. बिल्डिंगच्या आवारात रिक्षा थांबली. चौबळ वरच्या गॅलरीतून बघत होते. पद्मजा जिन्यापाशी गेली, उभी राहिली, आणि मागे फिरून इंदुबाईंच्या ओट्यावर बसली.

"चल," चौबळ वरून म्हणाले.

"मी वर येणार नाही."

"म्हणजे?"

"शंकररावांचा ब्लॉक पुन्हा रिकामा झालाय. मी तिथे राहीन. तुम्हाला यायचं तर या."

चौबळ खाली उतरले. गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली होती. त्यांनी आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "लोक काय म्हणतील? नवरा वर, बायको खाली?"

"तुम्हाला खुर्चीतून वर नेलं तेव्हा लोक काय म्हणाले, ते मला आठवत नाही. मला खुर्चीतून कोण नेणार आहे? तुम्ही?"

"तू माझा सूड घेतेयस."

"घेते. पण जिना पण आहेच ना."

सुनेत्रा मध्ये रडत होती. चौबळांनी तिला सांगितलं, आईला समजव. सुनेत्रा म्हणाली, "बाबा, तुम्हीच खाली या ना." ते वर गेले आणि दार लावल्याचा आवाज खालपर्यंत आला.

पाटल्या मोडून पद्मजानं शंकररावांना डिपॉझिट दिलं आणि तो ब्लॉक भाड्यानं घेतला. पुढची साडेपाच वर्षं चौबळ नवराबायको एकाच बिल्डिंगमध्ये दोन चुलींवर राहिले.

पद्मजा सकाळी चालायला जायची. सुरुवातीला शंकराच्या देवळाच्या निम्म्या वाटेवरून परत, मग देवळापर्यंत. गोळ्या घ्यायची, साखर तपासायची, तूप सुटलं, बलक सुटले. कंबर जराशी परत आली. स्वभाव निवळला नाही. ती एकदा ताम्हाण्यांच्या दवाखान्यात गेली, भर गर्दीत, आणि बाकावर बसलेल्या बायकांना म्हणाली, "ह्यांनी गॅस म्हटलं की विचारा, तपासून सांगताय का अंदाजानं. मला अंदाजानं मारत होते."

ताम्हाणे आतून बाहेर आले. "वहिनी, तुम्ही माझी बदनामी करताय."

"करतेय. तुम्ही माझा ईसीजी काढला असता तर मला यायची वेळ आली नसती."

"त्या वेळी लक्षणंच तशी नव्हती!"

"लक्षणं मी तोंडानं सांगितली होती. तुम्ही क्रिकेट बोलत होतात."

दोन बायका उठून गेल्या, एक हसली. ताम्हाण्यांनी पोलिसांचं नाव काढलं. त्यातून फार काही झालं नाही. पण पुढे इंदुबाई तिथे खोकल्यासाठी गेल्या तेव्हा ताम्हाण्यांनी कुणी न सांगताच बीपीचा पट्टा गुंडाळला, आणि गुंडाळताना तोंड कडू केलं.

वर चौबळ डब्यावर जगत होते. मुलीनं बोलावलं तरी बदलापूरला गेले नाहीत. त्र्याण्णवला त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि भाषणं थांबली. साखर त्यांनाही होती. चुगानींनी टेप लावली तेव्हाच तपासून घ्या म्हटलं होतं. त्यांनी तपासली नाही, कारण सांगणारी बाई होती, आणि तीही बायकोची डॉक्टरीण. पायाला झालेली जखम वर्षभर भरली नाही. बिल्डिंगमध्ये ते सांगायचे, "खालचीला काही झालेलं नाही. नाटक आहे. नाहीतर इतकी चालली असती?" जिन्याच्या तोंडाशी दोघं समोरासमोर आली की ते कठड्याकडे बघायचे, ती भिंतीकडे.

शहाण्णवच्या पावसाळ्यात एक दिवस डबेवाल्यानं दार वाजवलं, उघडलं नाही. चौबळ खुर्चीतच गेले होते, पेपर मांडीवर. छातीत दुखलं की नाही ते कुणाला कळलं नाही. चुगानी नंतर म्हणाल्या, साखरेच्या माणसाला पुष्कळदा दुखत नाही.

धाकटे दीर कमळाकर पुण्याहून आले. दहाव्या दिवशी, सगळे नातेवाईक बसलेले असताना, त्यांनी मनातलं बाहेर काढलं. "वहिनी, तुम्ही खाली राहिलात म्हणून दादा गेला. एका हाकेच्या अंतरावर होता."

पद्मजा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "मी वर राहिले असते तर मी आधी गेले असते, भाऊजी. मग तुम्ही त्यांच्या जेवणाचे हाल होतात म्हणून दुसरी कुणीतरी बघितली असतीत. तेव्हा कुणाला विचारलं असतंत, हंडे कोण नेत होतं?"

"आज तरी जिभेला आवर घाला."

"आज घातला तर मला उद्यापासून हेच ऐकावं लागेल."

कमळाकर तिथून उठले आणि तेरावा न करता पुण्याला निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

महिन्याभरानं वरचा ब्लॉक रिकामा करायचा होता. पद्मजा साडेपाच वर्षांनी जिना चढली, प्रत्येक वळणावर थांबत. आत डबे, औषधांच्या न फोडलेल्या पट्ट्या, कॅनव्हासच्या बुटांचा जोड. ती त्यांच्या खुर्चीत बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी राग आला, आणि तो टाकायला आता समोर माणूस नव्हता. ती तशीच बसून राहिली.

सुनेत्रा गाद्या गुंडाळत होती. ती बत्तीस वर्षांची, पतपेढीत नोकरी, पदरी दोन मुलं. दोन गाद्या ओढून तिला धाप लागली आणि ती जमिनीवर बसली. पद्मजानं तिच्याकडे पाहिलं. हातपाय बारीक, पोट पुढे.

"दुसऱ्या बाळंतपणात तुला साखर निघाली होती ना?"

"गेली ती. डॉक्टर म्हणाले, बाळ झालं की जाते."

"परत तपास."

"आई, आत्ता नको."

"तुझी कंबर बघ. मानेमागे काळं पडलंय. मला तसंच होतं. तुझं पोट त्यांचं आहे, आणि माझंही."

सुनेत्रानं गादी सोडून दिली. "बाबांना जाऊन दोन महिने नाही झाले आणि तू माझं पोट मोजतेस! तुम्ही दोघांनी मला आयुष्यभर तुमच्या भांडणात मध्ये उभं केलंत. आता तुमच्या आजारात पण उभी राहू? मला पेशंट करू नकोस!"

"मी करत नाही. तू असशील तर आहेस."

"मग असू दे!" ती पर्स उचलून निघून गेली. गाद्या इंदुबाईंच्या भाच्यानं नंतर खाली आणल्या.

चार-पाच महिने मायलेकींचं बोलणं नव्हतं. एका दुपारी इंदुबाईंनी हाक मारली, फोन आहे. पद्मजानं रिसीव्हर कानाला लावला.

"साखर निघाली," सुनेत्रा म्हणाली. "बीपी पण आहे."

"किती?"

"भाषण नकोय मला." फोन ठेवला गेला.

पद्मजा दुसऱ्या दिवशी बदलापूरला गेली. सुनेत्रानं दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"मी नाही म्हटलं होतं ना?"

"भाषणाला नाही म्हटलंस. पाणी तरी दे."

सुनेत्रानं पाणी दिलं. दोघी समोरासमोर बसल्या. पद्मजाच्या जिभेवर पुष्कळ काही होतं, ते ती पाण्याबरोबर गिळत राहिली, आणि सुनेत्राला ते दिसत होतं.

"त्या चुगानी अजून बसतात का?" शेवटी सुनेत्रानं विचारलं.

"बसतात."

"मी एकटी जाईन. तू बरोबर यायचं नाही."

"नाही येत. पण जा."

"जाते म्हटलं ना!"

सुनेत्रा गेली. गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या दिवाळीला ती मुलांना घेऊन अंबरनाथला आली, आणि पहिल्याच दिवशी कानवल्यांवरून खडाजंगी झाली. पद्मजा म्हणाली, ह्या घरात तळण होणार नाही. सुनेत्रा म्हणाली, मुलांनी काय पाप केलंय? पद्मजा म्हणाली, पोटं त्यांचीही तीच आहेत. आवाज इतके चढले की इंदुबाई लाटणं हातात घेऊनच आल्या. अर्ध्या तासानं एक घाणा तळायचं ठरलं. मग तो घाणा किती कानवल्यांचा, ह्यावर दोघी पुन्हा सुरू झाल्या.